चिनी वाण्यापासून डावीकडे

आमच्या हॉलमध्ये आता जिथे टीव्ही आहे ना, तिथे गंगाआतेची चूल होती. सोफा आहे ती तिची पडवी. बाहेर शेजारच्यांची मारुती उभी असते तिथे तिचा शेवगा, आणि त्याच्या शेंगा म्हणे गावात पहिल्या उतरायच्या. एकदा सुनेला हे सांगायला गेले, तर तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी लगेच भाजीचा विषय काढला.

गंगाआते आमची कोणी नव्हे. ती मॉरिशसला राहिली, मॉरिशसलाच वारली. वाशी हे नावसुद्धा तिच्या कानावर कधी पडलं नसणार. तिला इथे आणून ठेवली यशोदाने.

यशोदा बाळोजी. कादंबऱ्या लिहायची, त्याही फ्रेंचमध्ये. तिचं एक जाडजूड पुस्तक माझ्या शोकेसमध्ये आहे. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण धूळ मात्र मी स्वतः पुसते, बाईला हात लावू देत नाही.

सत्तरीचं दशक सरता सरता आम्ही गिरगावातलं बिऱ्हाड उचलून खाडीपलीकडे आलो. माहेरचे सगळे म्हणाले, ‘अगं, तिथे आहे काय?’ खरंच काय होतं? रस्ते होते, चांगले रुंद. रस्त्यांवर दिव्यांचे खांब होते. घरं तेवढी नव्हती! आमच्या चार इमारती, आणि पुढे नजर पोचेल तिथवर गवत. गवतात ठरावीक अंतरावर नंबर घातलेले दगड, म्हणजे हा एक प्लॉट, हा दुसरा. संध्याकाळी खाडीकडून धुरकट, मिठाच्या वासाची हवा यायची आणि त्या धुरकटात दिवे लागायचे, ओळीने, लांबपर्यंत, कुणासाठी कोण जाणे. मी गॅलरीत उभी राहून बघत बसायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. गिरगावात समोरच्याच्या भिंतीपलीकडे काही बघायची सवय नव्हती.

अशात समोरच्या ब्लॉकमध्ये पाटी लागली, ‘यशोदा बाळोजी’. खाली नवऱ्याचं नाव नाही. झालं! सोसायटीने त्या सज्जन गृहस्थांना बाळोजीकाका करून टाकलं. ते बिचारे केळकर, दादरचे, तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात काँट्रॅक्टवर आलेले इंजिनीयर. यशोदा त्यांना पॅरिसात भेटली. बाळोजी हे तिच्या पणजोबाचं नाव. तो रत्नागिरीकडून ऊस तोडायला जहाजातून मॉरिशसला गेला. बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारलं, त्याने ‘बाळोजी’ सांगितलं, आणि तेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. आपलं खरं आडनाव काय होतं ते तिला माहीत नव्हतं. त्याचं तिला काही वाटायचंही नाही. ‘एक नाव हरवलं तर काय गो, माणूस तर पोचला,’ म्हणायची.

उंच, सावळी, केस कुरळे आणि कायम वाऱ्यावर. पायघोळ फुलाफुलांचा झगा, त्यावर पुरुषी चपला. साडी तिला नेसताच यायची नाही. मराठी बोलायची ती तिच्या आतेकडून आलेली, कोकणातली, जुनी, शंभर वर्षं डब्यात बंद ठेवल्यासारखी. ‘तुम्ही’ तिच्या तोंडात नव्हतंच. पहिल्याच दिवशी माझ्या सासूबाईंना म्हणाली, ‘बस गो म्हातारे, दमलीस.’ मी डोळेच मिटून घेतले! पण सासूबाई बसल्या. त्यांना इतक्या आपुलकीने कोणी बस म्हटलं नव्हतं बहुतेक, आम्ही धरून. तिच्या हातची पुरणपोळी मात्र त्यांना झेपली नाही. आत तिखट डाळ! ‘चांगली आहे पोरगी, पण हिची पोळी बिघडलीय गं,’ असं त्या मला हळूच सांगत, आणि पुढची पोळी वाढून घेत.

आता तिचं लिहिणं. मला वाटायचं लेखक म्हणजे टेबल, खुर्ची, दार बंद, कोणी हूं की चूं करायचं नाही. हिचं तसं काही नाही. हिला बसून आठवायचंच नाही. संध्याकाळ झाली की बेल वाजवायची, ‘चल शालू, गावात जाऊन येऊ.’ गाव म्हणजे ते समोरचं गवत. तिथे तिने आपलं मॉरिशसचं गाव मांडलं होतं, प्लॉटवार. या कोपऱ्यावर आ-लिम, चिनी वाणी. तिकडे गावोगाव दुकान चिन्याचंच असतं म्हणे, तांदळापासून रॉकेलपर्यंत सगळं त्याच्याकडे. त्याच्या पलीकडे शिंपी, जो मापं विसरतो. दिव्याच्या सहाव्या-सातव्या खांबापाशी साखर कारखान्याची चिमणी. आणि अगदी टोकाला, शेवटच्या प्लॉटवर, गंगाआतेचं घर. आई लहानपणीच गेली होती, यशोदाला वाढवली ती या आतेने.

‘पॅरिसात का नाही मांडलंस?’ मी एकदा विचारलं.

‘पॅरिसात जागा कुठे गो? सगळीकडे कोणी ना कोणी आधीच राहतंय.’

मैदानाच्या बरोबर मध्ये तिच्या गावाची विहीर. लहानपणी तिच्या बरोबरीचा एक मुलगा त्या विहिरीत गेला होता. त्यामुळे तिथून ती कधी सरळ जायची नाही, लांबून वळसा घालायची, आणि मी बोलण्याच्या नादात सरळ चालले तर दंडाला धरून ओढायची. ‘पडशील!’ सुरुवातीला मला हसू यायचं. बाई, इथे गवताशिवाय काय आहे? पण तिची बोटं दंडात अशी रुतायची की हसू जिरायचं. मग मीही वळसा घालायला लागले. शिंप्याच्या दाराशी आवाज खाली आणायला लागले, कारण त्याची बायको बाळंतीण होती. बोलता बोलता मला ते घर दिसायचंसुद्धा, शपथ! धुरकटात कंदील, आणि आत कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय.

याचा परिणाम असा झाला की पुण्याचे माझे दीर पहिल्यांदा आमच्याकडे यायचे होते, त्यांना मी पत्राने रस्ता कळवला. बसमधून उतरलात की सरळ या, चिनी वाण्यापासून डावीकडे. लिहिताना मला काही वावगं वाटलंच नाही. दीर आले. भर दुपारी त्या ओसाड सेक्टरमध्ये बॅग घेऊन चिनी वाणी शोधत हिंडले. एका बांधकामावरच्या वॉचमनला विचारलं, तर तो भलताच सावध झाला. इथे धड मारवाड्याचं दुकान आलं नाही, आणि हा माणूस चिन्याला शोधतोय! त्याने त्यांना बसवूनच ठेवलं. शेवटी कारखान्यातून परतणाऱ्या केळकरांनी थांबून चौकशी केली, आमचं नाव ऐकलं, म्हणून सुटका झाली.

‘वहिनी,’ दीर दारातच कडाडले, ‘कुठे आहे तुमचा तो चिनी?’

मी गॅलरीतून बोट केलं, ‘तो काय.’

आमच्या ह्यांनी पेपर वर घेतला आणि त्यामागे गेले ते गेलेच. आवाज ऐकून समोरून आलेली यशोदा हसून हसून आमच्या फरशीवर बसली. मग डोळे पुसून उठली आणि अगदी गंभीर तोंडाने दिरांना म्हणाली, ‘माफ कर हां. आज आ-लिमचं दुकान बंद असतं.’

पण हे हसण्याचे दिवस फार टिकायचे नव्हते, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. गाव वसायचंच होतं ना इथे, खरंखुरं! एका सकाळी माणसं आली, दोऱ्या धरल्या, चुन्याची फक्की टाकून गवतात पांढऱ्या रेघा मारल्या. यशोदा माझ्या दारात उभी, चेहरा उतरलेला.

‘शिंप्यावर फक्की पडली.’

पाया खणला की तिला तिथलं घर दिसेनासं व्हायचं. सिमेंट आलं की माणसंही जायची, बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून फक्की आणि कुदळ यांच्यामध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात त्या घराचं प्रकरण लिहून काढायचं. दार बंद करून बसायची, केळकर आमच्याकडे जेवायला. लिहून झालं की बाहेर यायची, केस आणखी उभे, आणि सांगायची, ‘शिंप्याला नीट पोचवला गो.’ असं तिचं आणि सरकारचं सुरू झालं. त्यांची इमारत वर यायची, तिचं प्रकरण हातावेगळं व्हायचं. चिमणी गेली. आ-लिम गेला. मलासुद्धा वाईट वाटलं, इतका शोधलेला माणूस!

राहता राहिली गंगाआते. तिचं सगळं लिहून झालं होतं, शेवटचं प्रकरण सोडून. ते यशोदा कैक वर्षं टाळत होती, पॅरिसातसुद्धा. ते लिहिल्याशिवाय पुस्तक पुरं होणार नव्हतं.

याच प्लॉटवर आणखी एक बाई हक्क सांगायची. तुर्भे गावातली सीताबाई. टोपलीत बोंबील, कोळंबी घेऊन दारोदार यायची. नवरा मिठागरावर. एकदा आम्ही दोघी आतेच्या घरापाशी उभ्या होतो, यशोदा मला चूल कुठे, माजघर कुठे ते दाखवत होती. सीताबाईने टोपली खाली ठेवली.

‘आगो बाय, कोनाचं घर दावतेस? ह्ये आमचं भाताचं शेत हाय.’

‘माझी आते राहते इथे,’ यशोदा म्हणाली.

‘मना न इचारता?’

मला वाटलं, झालं, आता जुंपणार. सीताबाईची जीभ आख्ख्या सेक्टरला माहीत. पण यशोदा तिच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि विचारायला लागली, बांध कुठून जायचा, झाड कुठलं होतं, पाणी कोणत्या बाजूने यायचं. सीताबाईने तिला शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. इथे करंज. इथे आम्ही न्याहारीला बसायचो. ही लावणीची बाजू. शेत सरकारात गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं नसावं. शेवटी यशोदाने आतेचं घर बांधापलीकडे थोडं सरकवून घेतलं, आणि सीताबाई म्हणाली, ‘हां. आता ऱ्हाऊ दे.’ तेव्हापासून मासळी देताना ती आधी चौकशी करायची, ‘आते काय बोलते?’

आणि मग आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. आम्ही काही कुटुंबांनी मिळून स्वतःच्या इमारतीसाठी प्लॉट मागितला होता, तो मिळाला. सेक्रेटरींनी टेबलावर नकाशा पसरला, पेढे वाटले. माझं स्वतःचं घर! गिरगावात दहा बाय बारात संसार केलेली बाई मी. तळमजल्याचा ब्लॉक आमचा, पुढे थोडी बाग. मी नकाशावर वाकले, बोट ठेवलं, आणि माझा पेढा हातातच राहिला. शेवटचा प्लॉट. गंगाआते.

मी तशीच यशोदाकडे गेले. ती ऐकून हसली. ‘बरं झालं गो. घरात ओळखीचं माणूस येतंय.’ आणि पुढे काही दिवस ती फिरायला आलीच नाही.

भूमिपूजनाचा मुहूर्त जवळ आला तसा माझा धीर सुटला. मीच जाऊन बसले तिच्या समोर. म्हटलं, ‘लिही ना एकदाचं. काय अडलंय?’

तेव्हा तिने सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना ती शिकायला फ्रान्सला निघाली. नवीन शिवलेला झगा घातला होता, आयुष्यातला पहिला विलायती. दारात टॅक्सी. शेजारपाजारचे जमलेले. आणि आते सूप घेऊन पुढे आली, तांदूळ, नारळ, खण. घरातली मुलगी लांब निघाली, ओटी भरायला नको? टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. यशोदाला लाज वाटली. झग्याला पदर कुठला? सगळ्यांदेखत ओटी घ्यायची कशात? ‘आता नको गो आते, उशीर होतो.’ आते म्हणाली, ‘बरं. आलीस की भरू.’ यशोदा परत गेली तेव्हा आते राहिली नव्हती.

मला भडभडून आलं. मी म्हटलं, ‘अगं, कादंबरी तुझी, आते तुझी. पुस्तकात भरू दे ना तिला ओटी! कोण विचारायला येणार आहे?’

‘शिंपी खोटा आहे,’ ती म्हणाली. ‘आ-लिम अर्धा खोटा आहे. हे खोटं नाही लिहिता येत. तिने नाही भरली, शालू. मी भरू दिली नाही.’

‘मग जसं झालं तसं लिही.’

‘तसं लिहून तिला तिथेच सुपासकट उभी ठेवू?’

मी उठून चहा टाकला.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती स्वतःच आली. ‘चल, एकदा जाऊन येऊ.’ आम्ही गेलो. प्लॉटवर फक्की पडलेली, कोपऱ्यात कुदळी रचलेल्या. खाडीवरून तीच धुरकट हवा, पण आता तिच्यात सिमेंटचाही वास. बघतो तर सीताबाई तिथे आधीच आलेली. धुतलेलं लुगडं, हातात सूप.

‘उद्या खननार ना?’ ती म्हणाली. ‘शेताची ओटी भरायला आली. इतकी वर्सं पोसलं त्यानं. अशीच कशी सोडू त्याला?’

तिने करंजाच्या जागेवर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, मुठीने तांदूळ ओतले. मग उरलेलं सूप घेऊन ती वळली, यशोदाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ये गो. तू पन ह्याच शेतान ऱ्हायलेली. पदर पुढं कर.’

यशोदा जागच्या जागी थिजली. अंगात नेहमीचा फुलाफुलांचा झगा. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या डोळ्यांत एकोणीस वर्षांची मुलगी दिसली, अगदी स्पष्ट. मी माझा पदर सोडायला लागले, म्हटलं निदान माझा तरी धर. पण सीताबाईला कुठला धीर!

‘पदर नाय तं झगा पुढं कर. त्येच्यान काय ऱ्हात नाय? भरली का भरली.’

यशोदाने झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून पुढे धरला. तांदूळ पडले. रेशनचे तांदूळ, त्यात खडे पण असतील. खण पडला, दुसरा नारळ पडला. एक दाणा सांडला नाही. ती त्या झग्यातल्या ओटीकडे बघत राहिली आणि मग अशी रडली, अशी रडली की मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. ‘राहतं की गो,’ एवढंच म्हणत होती, ‘झग्यात राहतं की गो.’

‘चार दाने मागं टाक,’ सीताबाई म्हणाली. ‘घराला.’

यशोदाने टाकले. बरोबर उंबऱ्यावर टाकले, उंबरा कुठे होता ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कुदळ पडली. यशोदा दार बंद करून बसली ती आठवडाभर बाहेर आली नाही. आली तेव्हा मी एकच विचारलं, ‘भरली का आतेने?’

‘नाही. आते म्हणते, आलीस की भरू, आणि मुलगी निघून जाते. जसं झालं तसंच.’

माझा चेहरा पडला असणार, कारण ती घाईघाईने म्हणाली, ‘अगे ऐक तरी! पुढे अजून आहे. पुढे एक मोकळं मैदान आहे, आणि एक बाई मासे विकायला येते.’

केळकरांचं काँट्रॅक्ट संपलं आणि ती दोघं पॅरिसला परत निघाली. आमच्या इमारतीचा पाया एव्हाना कमरेइतका वर आला होता. रस्ता पाइपांसाठी खणलेला, म्हणून टॅक्सी मैदानापलीकडे थांबली. केळकर सामान घेऊन पुढे गेले. यशोदा पाठीमागून निघाली, खांद्याला पिशवी, तोच झगा. मी पोचवायला आले ती पायापाशीच थांबले, पुढे जाववेना.

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मग लागोपाठ वाजवायलाच लागला. मी ओरडले, ‘अगं, तो बोंबलतोय!’

‘वाजवू दे,’ ती म्हणाली.

मधलं मैदान अजून रिकामंच होतं. सरळ गेली असती तर दोन मिनिटांत पोचली असती. पण मध्यावर आली आणि वळली, विहिरीला सावकाश, लांबून वळसा घातला. हॉर्न चालूच. पलीकडे पोचल्यावर थांबली, माझ्या बाजूला तोंड केलं आणि हात उंच करून हाक मारली, ‘येते गो आते!’

पायापाशी मी एकटीच उभी होते. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

‘ये गं,’ मी ओरडले. ‘सावकाश ये.’